कुत्र्याची अळणी

आमच्या घरातलं कुत्रं माझं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. ते बायकोचं होतं. नऊ वर्षांपूर्वी ती जयसिंगपूरला बहिणीकडे गेली आणि येताना एसटीतून पिशवीत घालून ते घेऊन आली. पिशवीवर टॉवेल टाकला होता आणि कंडक्टरला सांगितलं होतं की आत लोणच्याची बरणी आहे. हातकणंगल्याच्या आसपास बरणी भुंकली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, लोणचं बोलाय लागलंय की," आणि पुढच्या सीटकडे गेला. ही गोष्ट तिनं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितली आणि प्रत्येक वेळी मी तोंड वाकडं केलं.

पामेरियन म्हणून दिलेलं होतं, पण त्याच्या आईनं गावातल्या कुणाला तरी जवळ केलं असावं. कान उभे, पाय आखूड, अंगावर चहा सांडल्यासारखे डाग. जेमतेम चार किलोचा जीव. बायकोनं त्याचं एक नाव ठेवलं होतं. ते इथे लिहीत नाही, कारण त्या नावानं फक्त तीच हाक मारायची. मी "ए" म्हणायचो, आणि तेही मला ओळखून होतं. "ए" म्हटलं की उठून दुसऱ्या खोलीत जायचं.

दोन वर्षांपूर्वी बायको गेली. सकाळी छातीत दुखतंय म्हणाली, दुपारी सगळं संपलं. आजारपण असं झालंच नाही, त्यामुळे तिचं काही करायची वेळ माझ्यावर आली नाही. लोक म्हणाले, सुखाचं मरण आलं. तिला आलं असेल. मुलगी बंगळूरहून आली, तेरा दिवस राहिली, "बाबा, माझ्याकडे चला" असं तीनदा म्हणाली. मी चौथ्यांदा म्हणायची वाट बघत होतो, तोवर तिची गाडी सुटली.

मग घरात मी आणि ते कुत्रं. एका घरात दोन भाडेकरू असावेत तसे आम्ही राहायचो. सकाळी मी त्याला दूध-भाकरी घालायचो, संध्याकाळी खानावळीच्या डब्यातली पोळी. खाऊन ते दारात जाऊन बसायचं, तोंड रस्त्याकडे. मला वाटायचं, हे तिची वाट बघतंय, वेडंच आहे. पुढे लक्षात आलं की मीही तिथंच खुर्ची टाकून बसतो आणि माझंही तोंड रस्त्याकडेच असतं.

मी मोजणी खात्यात होतो. बांधाच्या वीतभर जागेवरून सख्खे भाऊ एकमेकांच्या डोक्यात फावडं घालायला निघतात, तेव्हा मधे टेप धरून उभा राहणारा सरकारी माणूस तो मी. या नोकरीत एक नियम मी पहिल्या दिवसापासून पाळला. मोजणीला गेल्यावर कुणाच्या घरचं काही घ्यायचं नाही. एकाकडे चहा घेतला की दुसरा म्हणणार, साहेबाला चहा पाजून हद्द सरकवली. पिण्याचं पाणीसुद्धा मी घरून न्यायचो. निवृत्त झालो तरी सवय गेली नाही. उचगावात घर बांधून वीस वर्षं झाली, पण गल्लीतल्या एकाही घरात मी टेकलेलो नाही. जो कुणाकडे जात नाही त्याच्याकडे कुणी येत नाही, हे कळायला मला बायको जावी लागली.

आमच्या समोर आक्का राहतात. सत्तरीच्या, एकट्या. मालक कधीच गेले, एक लेक गडमुडशिंगीला दिलेली. दारात एक म्हैस आणि गळ्यात असा आवाज की म्हशीला दटावलं तरी माझ्या स्वयंपाकघरातली भांडी दचकावीत. त्यांनी घराची नवी पायरी बांधली, ती नऊ इंच रस्त्यात आली. मी तसं सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं तरी सांगितलं, टेप लावून दाखवलंही. आक्का म्हणाल्या, "रस्ता तुमच्या बाचा हाय व्हय, सायेब?" तेव्हापासून आमचं बोलणं बंद. बायको मात्र रोज संध्याकाळी कुत्रं फिरवायच्या निमित्तानं त्याच नऊ इंचांवर जाऊन बसायची. मला ते दिसायचं. मी कधी काही बोललो नाही, आणि तिनंही कधी लपवलं नाही.

गेल्या हिवाळ्यात, गुऱ्हाळं पेटलेली असताना, एका सकाळी कुत्रं पोत्यावरून उठलं नाही. दूध-भाकरी पुढे ठेवली तर वास घेऊन मान वळवली. मी "ए" म्हणालो. त्यानं उठायला बघितलं. पुढचे पाय उभे राहिले, मागचे दोन्ही बाजूला घसरले आणि ते बसकण मारून माझ्याकडे बघत राहिलं, चूक आपलीच असल्यासारखं. मी तापट माणूस. घाबरलो की मला आधी राग येतो. "नाटकं करू नकोस," असं म्हणून मी अंघोळीला गेलो. दुपारी बघितलं तर त्यानं पोत्यावरच ओलं केलं होतं आणि तोंड भिंतीकडे केलं होतं.

स्कूटरवर पायाशी टोमॅटोचं रिकामं क्रेट ठेवलं, त्यात बायकोची जुनी साडी घातली, वर कुत्रं, आणि शाहूपुरीत जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी रक्त काढलं, फोटो काढला, पाठीच्या कण्यावरून बोटं फिरवली, गोचीड-तापाची तपासणी केली. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "काका, रिपोर्ट सगळे नीट आहेत."

"मग ते उठत का नाही?"

"तेच कळत नाहीये."

"कळत नाही म्हणजे? काहीतरी कारण असणारच की. आमच्या खात्यात असं सांगून चाललं नसतं."

"काका, याला सातबारा नसतो," त्या शांतपणे म्हणाल्या. "बघत राहायचं. जाईल ते पोटात घालायचं. वाचेल असंही नाही, जाईल असंही नाही."

मी क्रेट उचललं. एरवी अशा उत्तरावर मी वरिष्ठांकडे अर्ज केला असता.

पुढचे चार दिवस मी ते सगळं केलं जे बायकोसाठी मला करायला मिळालं नव्हतं. तांदळाची पेज गाळून, सिरिंजमध्ये भरून, गालाच्या कोपऱ्यातून थेंब थेंब सोडायची. अर्धी बाहेर यायची. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर कातडं सोलतं. मागचे पाय हातात धरून सायकल चालवल्यासारखे फिरवायचे. ओलं फडकं बदलायचं, उन्हाची तिरीप सरकेल तसं पोतं सरकवायचं. माझ्या हातांना असल्या कामाची सवय नव्हती. आणि घर इतकं शांत होतं की त्या पेजेचा गिळण्याचा आवाजही मला मोजता यायचा.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, त्याचं वय झालंय. तुम्ही फार त्रास करून घेऊ नका." मी म्हणालो, "माझंही झालंय," आणि फोन ठेवला. ठेवल्यावर वाईट वाटलं. तिचं काही चुकलं नव्हतं. पण हे गेलं तर या घरात माझ्याशिवाय काही हलणार नव्हतं, आणि बाहेर गेलो तर परत कुणासाठी यायचं हा प्रश्न होता. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमाराला गेटातून आवाज आला, "कुत्र्याला काय झालंय म्हनं?"

आक्का होत्या. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला जातात. भांडण असलं तरी जातात. आजारपणापुरतं भांडण बाजूला ठेवायचं, आजारी माणूस बरा झाला की पुन्हा सुरू करता येतं. पण कुत्र्याला बघायला कुणी आल्याचं मी ऐकलं नव्हतं.

"काही नाही. जरा अशक्तपणा आहे," मी म्हणालो.

"जरा? चार दिस झालं टमाट्याच्या क्रेटातनं फिरवालाय त्याला. समद्या गल्लीला दिसालंय. डाक्टर काय म्हनत्यात?"

"कळत नाही म्हणतात."

"कळत न्हाय तर पाटी कशाला लावलीया?" असं म्हणत त्या आत आल्या, चपला काढल्या, पोत्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि वासराची बघावी तशी त्याची पापणी ओढून बघितली. "प्वाट खपाटीला गेलंय. काय घालताय?"

"पेज."

"पेजंवर मानूस जगंना, ह्ये कशानं जगंल?"

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला आक्का कडीचा डबा घेऊन आल्या. डब्यात अळणी होती. कोल्हापूरकराला अळणी सांगावी लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. कांदा, आलं-लसूण, हळद घालून मटण शिजवतात आणि तिखट पडायच्या आधी त्याचं वरचं पाणी काढून ठेवतात, ती अळणी. लहान पोराला अळणी, बाळंतिणीला अळणी, तापातून उठलेल्याला अळणी. आमच्या भागात औषधाचं नाव विसरतील, अळणी विसरणार नाहीत. आक्कांनी ओळखीच्या मटणवाल्याकडून नळ्या आणून मुद्दाम केली होती. वार सोमवार होता. मी तसं म्हटलं तर म्हणाल्या, "कुत्र्याला कसला वार?"

बशीत दोन चमचे ओतून त्यांनी बशी त्याच्या नाकाशी धरली. नाक हललं. जीभ बाहेर आली. एकदा चाटलं, थांबलं, परत चाटलं आणि मग बशी संपवली. पाच दिवसांत पहिल्यांदा त्यानं आपण होऊन काही घेतलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आक्कांनी ते बघितलं आणि म्हशीला वैरण टाकायची राहिलीय म्हणून उठल्या.

मग त्या रोज यायला लागल्या. डबा ठेवायच्या, कुत्र्याला पाजायच्या आणि दारातल्या दुसऱ्या खुर्चीवर बसून अर्धा तास बोलायच्या. म्हशीचं, पाण्याचं, लेकीच्या सासूचं. मी फारसं बोलत नव्हतो, पण ऐकत होतो. अधूनमधून बायकोचंही निघायचं. एकदा म्हणाल्या, "तुमची मंडळी म्हनायची, आमचं मानूस वाईट न्हाय वो आक्का, निस्तं टेपात गुतलंय." मी हसलो. हसताना घसा दुखला, इतक्या दिवसांनी.

पाच वाजले की मी अंगण झाडायला लागलो. दुसरी खुर्ची पुसून ठेवायला लागलो. दाढी सकाळच्याऐवजी दुपारी करायला लागलो. वयाला शोभणारं नव्हतं, आणि त्यात लोक समजतील तसलं काहीही नव्हतं. कुणीतरी यायचं आहे, एवढंच होतं. आयुष्यभर लोकांच्या हद्दी मोजल्या. सहाच्या ठोक्याला गेटाची कडी वाजणं म्हणजे काय, हे मला साठीनंतर कळत होतं.

आठ-नऊ दिवसांनी कुत्रं परत खालावलं. आधी नुसते पाय नव्हते, आता मानही उचलेना. लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली. क्रेट उचललं आणि शाहूपुरी गाठली. डॉक्टरांनी ओठ वर करून हिरड्या बघितल्या. पांढऱ्या पडल्या होत्या. रक्त तपासलं आणि त्या माझ्याकडे वळल्या.

"काका, याच्या पोटात कांदा-लसूण काही गेलंय का? शिजवलेलासुद्धा? कांद्यानं कुत्र्याचं रक्त फुटतं. एवढ्याशा जीवाला थोडा रोज गेला तरी पुरतं."

मी म्हणालो, "नाही."

हा शब्द कसा आला ते मी पुष्कळ वेळा तपासून बघितलं आहे. मला माहीत नव्हतं असं नाही. प्रश्न ऐकल्याबरोबर डब्यात तळाशी विरघळलेला कांदा माझ्या डोळ्यांपुढे आला होता. पण त्याच्या मागोमाग दुसरी खुर्चीही आली. "हो" म्हटलं तर अळणी बंद होणार, आणि अळणी बंद झाली तर त्या डबा घेऊन यायचं कारण संपणार. इतका विचार करायला माणसाला किती वेळ लागतो? मला एका श्वासाचाही लागला नाही. नोकरीत मी कधी एक आकडा खोटा लिहिला नाही, याचा मला गर्व होता.

घरी येताना ठरवलं, आज आक्कांना सांगायचं. सहाला कडी वाजली. आक्कांनी बशी भरली. "आज लईच मलूल झालंय," म्हणाल्या, "आज जरा जास्त पाजा." आणि बशी माझ्या हातात दिली. त्या बघत होत्या. मी ती कुत्र्याच्या तोंडाशी नेली. त्यानं दोन घोट घेतले. मी देतोय म्हणून घेतले असावेत, भूक त्याला नव्हतीच. मला ठाऊक असताना मी ते पाजलं. याच्यापुढे सारवासारव करण्यासारखं काही नाही.

सकाळी त्याच्या हिरड्या कागदासारख्या झाल्या होत्या. दवाखाना उघडायच्या आधी मी पायरीवर क्रेट घेऊन बसलो होतो. डॉक्टर आल्या, तसं उभं राहून सांगितलं, "मी काल खोटं बोललो. मटणाची अळणी देत होतो. कांद्याची."

त्यांनी क्रेट आत घेतलं. "काल सांगितलं असतं तर कालपासून औषध लागू केलं असतं," म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली. म्हणाल्या, "दोन दिवस. त्यात रक्त आणखी उतरलं नाही तर वाचेल. उतरलं तर मी काही करू शकेन असं वाटत नाही."

ते दोन दिवस मी पोत्याशेजारी जमिनीवर काढले. डबा आला तो तसाच राहिला. मुलीला सांगायची हिंमत नव्हती, आक्कांना सांगायची नव्हती, आणि ज्याचं वाटोळं केलं ते समोर पडून माझ्याच हाताला टेकलं होतं. मी त्याच्याशी बोललो. नऊ वर्षं एका छपराखाली राहून पहिल्यांदा बोललो. बायकोनं ठेवलेल्या नावानं हाक मारली. माझ्या आवाजात ते नाव बरोबर वाटत नव्हतं. त्यानं कान हलवला, डोळे उघडले नाहीत. मी म्हणालो, तू गेलास तर तिला मी काय सांगू. मग लक्षात आलं की तिला सांगायची सोय नाही, आणि मी मोठ्यानं रडलो. बाहेर दुपारचं ऊन होतं आणि रस्त्यावरून भंगारवाला ओरडत चालला होता.

आक्का दोन्ही दिवशी संध्याकाळी आल्या. मी म्हणालो, "आता गुंगी आहे. डबा ठेवा, उठलं की पाजतो." त्या गेल्यावर डबा ओट्यावर ठेवला. ओतून द्यायला हात होईना. मटणाचा वास बायको गेल्यापासून त्या स्वयंपाकघरात आला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी ती अळणी स्वतः प्यायलो, उभ्या उभ्या, चोरासारखी. चांगली झाली होती. मीठ किंचित कमी.

तिसऱ्या दिवशी रक्त स्थिर आलं. चौथ्या दिवशी हिरड्यांवर फिकट गुलाबी रंग दिसला, तो मी उजेडात नेऊन तीनदा बघितला. त्यानंतर पुढे पुढे गाडं सावकाश रुळावर आलं. उकडलेला भात, नुसती उकडलेली कोंबडी, मीठही नाही. आणि दहा-बारा दिवसांनी एका सकाळी ते चारही पायांवर उभं राहिलं. थरथरत, पण उभं. मी टेप आणली. पोत्यापासून चार फूट दोन इंच चाललं आणि बसलं. दुसऱ्या दिवशी साडेसात फूट. तीन आठवड्यांनी गेटापर्यंत. डॉक्टर म्हणाल्या, "कांद्याचं कळलं. पण मुळात पाय कशानं गेले होते आणि आता कशानं आले, हे मला आजही माहीत नाही, काका."

आक्कांना मात्र माहीत होतं. "माझ्या अळणीवर उठलं," असं त्या गल्लीभर सांगत होत्या. मी मान डोलवत होतो. या तीन आठवड्यांत त्यांचा डबा रोज येत होता, "रात्री निजताना पाजतो" म्हणून मी तो ठेवून घेत होतो आणि रोज मीच पीत होतो. मी अंगानं सुधारलो. पँट कमरेला बसायला लागली.

मग एका संध्याकाळी कुत्रं आपण होऊन गेटापर्यंत जाऊन आक्कांवर भुंकलं. आक्का खूश झाल्या. खुर्चीवर न टेकता म्हणाल्या, "झालं बाई एकदाचं बरं. आता कशाला रोज यायचं? येतो मी."

दुसऱ्या दिवशी सहा वाजले, सव्वासहा वाजले. खुर्ची पुसून ठेवली होती. कुत्रं ठणठणीत, माझ्या पायाशी बसलेलं, तोंड रस्त्याकडे. ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते मिळालं होतं आणि घर पहिल्यापेक्षा रिकामं झालं होतं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी माझ्या मनात आलं, याचा पाय जरासा लंगडत राहिला असता तर. हे मनात आलं आणि मला माझीच किळस आली. मी उठून आत गेलो.

आठवड्यानंतर सकाळी आक्का बाहेर निघालेल्या दिसल्या. ठेवणीतलं लुगडं, हातात पिशवी आणि तोच कडीचा डबा. मी गेटात होतो.

"कुठं निघालात, आक्का?"

"गडमुडशिंगीला, लेकीकडं. वडाप धरून जातो. तिच्या पोरास्नी पिलू आणलंय, दोन दिस झालं तोंड लावंना कशाला. म्हटलं, आपल्याला औषीद ठावं हाय." डबा उचलून दाखवला. "रातीच केलंय."

रस्त्याच्या टोकाला वडापची जीप दिसत होती. गप्प बसलो असतो तर कुणालाही काही कळलं नसतं.

"आक्का, ते पाजू नका."

"का? नासलंय व्हय?"

"त्यात कांदा आहे. कांदा कुत्र्याला विष आहे. डॉक्टरांनी सांगितलंय."

"कवा सांगितलं?"

"आमचं जास्त झालं होतं, तेव्हा."

आक्कांच्या तोंडावरचा रंग उतरला. त्या नेहमी ओरडून बोलतात. आता हळू बोलल्या. "म्हंजे माझ्या अळणीनंच चाललं हुतं त्ये."

"तुम्हाला माहीत नव्हतं. मला कळल्यावरसुद्धा मी एकदा पाजली. ते पाप माझं."

"आन त्याच्यापुढं तीन आठवडं मी आणत हुतो, ती कुटं गेली?"

"मी प्यायलो."

जीप आली, थांबली, ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. आक्का हलल्या नाहीत.

"तवाच सांगाय काय झालतं, सायेब?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. मी म्हणालो, "चुकलं."

आक्कांनी डबा स्वतःच्या पायरीवर ठेवला आणि रिकाम्या हातानं जीपमध्ये बसल्या.

दोन दिवसांनी परत आल्या. पिलू म्हणे आपोआप खायला लागलं होतं, हे मला दूधवाल्याकडून कळलं. आक्का माझ्याशी बोलल्या नाहीत. धार काढताना पाठ करून बसायच्या. कुत्रं रस्ता ओलांडून त्यांच्या पायरीवर जाऊन बसायचं. त्या त्याला हाकलतही नव्हत्या, हातही लावत नव्हत्या. मी बोलवायचो नाही. मला वाटायचं, आमच्या दोघांपैकी एकाला तरी तिथे बसता येतंय.

असे दहा-बारा दिवस गेले. एका संध्याकाळी मी दारात बसलो असताना आक्का रस्ता ओलांडून आल्या. आत आल्या नाहीत. गेटाच्या खांबावर डबा ठेवला.

"ह्यात कांदा न्हाय, लसून न्हाय, मीठ बी न्हाय. निस्त्या नळ्या आन हळद," त्या कुत्र्याकडे बघत म्हणाल्या. "त्याचं त्याला पाजा. तुमी पिऊ नगासा."

"बरं," मी म्हणालो. त्या वळल्या. मी उठलो. "आक्का, बसा की जरा."

"कशाला?" त्यांनी मागे वळून बघितलं. "बरं झालंय की कुत्रं. आता कोन आजारी हाय हितं?"

मी गेटाजवळ गेलो होतो. गज धरून उभा होतो.

"मी आहे," म्हणालो.

आक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मग विचारलं, "कवापास्नं?"

"दोन वर्षं झाली."

मग त्यांनी गेटाची कडी काढली.